पट्टीची मागची बाजू

ओहायोतल्या एका ग्रंथालयात मी जुन्या कागदांच्या दुरुस्तीचं काम करते. गेल्या हिवाळ्यात नव्वदी ओलांडलेले एक आजोबा लेकीला घेऊन आले. सोबत त्यांची लहानपणची कात्रणवही होती. १९४३ साली, नऊ वर्षांचे असताना, वर्तमानपत्रात रोज येणारी एक काउबॉयची चित्रपट्टी कापून त्यांनी ती कणकेच्या खळीने चिकटवली होती. नाव वरच्या ओळीत छापत, तीच नेमकी कापलेली.

गोष्ट पछाडलेल्या रँचची. मध्यरात्री रिकाम्या आवारात टापा वाजतात, स्वाराविना पांढरा घोडा दिसतो, एकेक गडी काम सोडून जातो. अशा पट्ट्यांमधलं भूत शेवटी बहुधा जमिनीवर नाहीतर पाण्यावर डोळा असलेला माणूसच निघतं. तरी इंद्रजालच्या वेताळावर वाढलेली मी, पानं उलटताना श्वास रोखून होते. एका चौकटीत सगळीकडे काळी शाई, आणि घोडा काढलेलाच नाही. तिथे नुसता कोरा कागद सोडलाय. लाकडाच्या लगद्याचा तो कागद आता चहासारखा तपकिरी झालाय, त्यामुळे भूतही तपकिरी झालंय.

प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात बारीक आकडे असतात, महिना आणि तारीख. देशभरच्या वर्तमानपत्रांनी ती त्याच दिवशी छापावी म्हणून. त्यावरून मी क्रम लावत होते. १०-२१ नंतर एकदम १०-२३. मधल्या जागी चिकटवली होती इटलीत लढताना पडलेल्या आणि बेपत्ता झालेल्या सैनिकांची यादी. वरचे, खालचे रकाने अर्ध्यात तुटलेले. लांबीरुंदी मोजली तर तंतोतंत पट्टीएवढी.

मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "नेहमीसारखी पट्टी कापली. खळ लावायला उलटी केली, तर मागे भावाचं नाव. तार आठवडाभर आधीच आली होती, ती आईने कपाटात ठेवली. छापलेलं नाव मात्र माझ्या हातात आलं." मग त्यांनी खळ चित्रावर लावली.

हरवलेली पट्टी शोधायला मायक्रोफिल्म, म्हणजे जुन्या अंकांची बारीक छायाचित्रं असलेली फिल्म, आहेच. फिल्म झाली की अमेरिकेतल्या कित्येक ग्रंथालयांनी छापील अंक रद्दीत काढले. चित्रपट्ट्यांचे संग्राहक बिल ब्लॅकबिअर्ड यांनी अनेक वर्षं ते गोळा केले आणि १९९८ साली त्यांचा ७५ टनांचा संग्रह सहा ट्रेलरांतून इथे ओहायोत, कोलंबस शहरात आला. मी तो फार मोलाचा मानते. पण त्या दिवशी मला कुठलीही दुसरी प्रत चालणार नव्हती. या मुलाने खळ लावलेला हाच कागद हवा होता.

वर्तमानपत्राची काळी शाई तेलाची, पाण्यात सहसा विरघळत नाही. तरी आधी एका कोपऱ्यावर थेंब ठेवून पाहिला. मग वहीचं ते पान पॉलिएस्टरच्या पातळ तावावर घेऊन कोमट पाण्यात सोडलं. पाऊण तासात पाणी पिवळं झालं, खळ फुगली. बोथट पातं सरकवत कात्रण सोडवलं तेव्हा माझ्या बोटांना कंप सुटला होता. एका कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा निसटलाच, तो कुंचल्याने वेचला. उलटं केलं. शेवटच्या चौकटीत पाऊस पडतोय आणि घोड्याच्या अंगावरून चुना ओघळतोय.

एरवी आम्ही मागच्या बाजूला पातळ पण चिवट जपानी कागदाचं अस्तर लावतो. इथे मागची बाजू कोणती म्हणायची? अस्तर लावलंच नाही. फक्त कडा आणि चिरा सांधल्या.

आठवड्याने आजोबा आले. ओघळणारा घोडा बराच वेळ पाहिला. "पाऊस," एवढंच म्हणाले. मग कात्रण उलटं करायला सांगितलं आणि यादीतल्या एका ओळीखाली, कागदाला न टेकवता, बोट फिरवलं.

वहीत ते आता नाव वर ठेवूनच बसवलंय. एकाच कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या आहेत, हलकेच उचललं की उलटतं.