‘टोळी’ची दुसरी वेलांटी

मूळ मेसेज असा होता: ‘सावधान कन्नमवार नगर मधे मूलं पळवनारी टोळि फीरत आहे. हा फोटो सगळी कडे पाठवा.’ खाली सीसीटीव्हीतला फोटो. खांद्याला निळी पिशवी अडकवलेला एक तरुण, त्याचा हात धरून चालणारी चारेक वर्षांची मुलगी.

मेसेजवर दुहेरी बाणाची खूण होती. म्हणजे तो असंख्य हातांतून फिरून आलेला. हे मला कळत होतं, कारण ही खूण आणि पुढे पाठवण्यावरची मर्यादा का आली, त्याच्या बातम्या मीच लावल्या होत्या. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. रविवार होता, मी पेपरच्या डेस्कवर होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पाठवता येईल असं केलं.

आणि तरी २०२४च्या ऑगस्टमध्ये, एका मंगळवारी रात्री पावणेदहाला, विक्रोळीतल्या माझ्या घरात पोळीचा शेवटचा घास खाता खाता मी काय केलं? मेसेज तसाच पुढे ढकलला नाही. इतकं अशुद्ध माझ्या हातून जाणारच नाही. फोटो वेगळा उतरवून घेतला आणि मजकूर नव्याने लिहिला: ‘सावधान! कन्नमवार नगर परिसरात मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे समजते. पालकांनी सतर्क राहावे.’ ‘टोळि’ला दुसरी वेलांटी दिली, ‘पळवनारी’चा ण दुरुस्त केला. सोसायटीचा ग्रुप, भजनी मंडळ, शाळेतल्या मैत्रिणी, तीन ठिकाणी टाकला आणि भांडी घासायला उठले.

नव्याने लिहिल्यामुळे बाणाची खूण गेली. अफवेच्या अंगावरचा एकमेव इशारा मी स्वच्छ पुसून टाकला. वर माझं नाव. एका मराठी दैनिकात सत्तावीस वर्षं उपसंपादक होते, २०२१च्या डिसेंबरात निवृत्त झाले. आमच्या भागात मी ‘पेपरातल्या मॅडम’. त्यामुळे मैत्रिणींनी पुढे पाठवताना वर लिहिलं, ‘मॅडमकडून आलंय, खात्रीचं आहे.’

गुरुवारी संध्याकाळी स्टेशनच्या पूर्वेला रिक्षाच्या रांगेत त्या तरुणाला कोणीतरी ओळखलं. पिशवीवरून. आधी कॉलर धरली, मग मारलं. एक कानाखाली, एक पाठीत, आणि गर्दी वाढायला लागली तेव्हा एका केळीवाल्याने त्याला गाडीमागे ओढलं म्हणून निभावलं. पोलीस चौकीत दोन तास बसवून ठेवलं, शहानिशा झाली, सोडून दिलं. तो पाण्याचे फिल्टर दुरुस्त करतो, पार्कसाइटला राहतो. पिशवीत नटबोल्ट खोलायचे पाने आणि फिल्टरच्या कँडल होत्या. फोटोतली मुलगी त्याची भाची.

हे मला शुक्रवारी त्याच्या बहिणीने सांगितलं. आमच्याच आवारात दोन घरी ती स्वयंपाक करते. दारात छत्री झटकत उभी राहिली, आत ये म्हटलं तर आली नाही. फोन पुढे केला.

“काकू, हे तुम्ही लिहिलंय?”

“मी पुढे पाठवलंय,” मी म्हणाले.

“नाही. ‘पालकांनी सतर्क राहावे’ असं आमच्यात कोणी लिहीत नाही.”

पुढचे अडीच महिने मी जे केलं ते लिहिते, कारण मेसेज मागे कसा घ्यायचा हे मी कोणाला विचारायला गेले तेव्हा सांगणारं कोणी भेटलं नाही.

पहिलं काम, पुसणं. ‘सगळ्यांसाठी डिलीट’ची सोय साधारण अडीच दिवस चालते, तिच्या आतच होते मी, बोट लावलंही होतं. मग थांबले. माझ्या तीन ग्रुपांतून ते गेलं असतं, पण तिथून जे निघालं त्याला धक्का लागणार नव्हता. शिवाय ज्यांनी वाचून विश्वास ठेवला त्यांचा विश्वास तसाच राहणार होता. पेपरात चुकलेली बातमी दुसऱ्या दिवशी पुसता येत नाही, खुलासा द्यावा लागतो, आणि तो कुठे द्यायचा यावर डेस्कवर भांडणं होतात. चूक पहिल्या पानावर सहा कॉलम आणि खुलासा आतल्या पानावर जाहिरातीखाली चार ओळी, हे मी स्वतः कितीदा लावलंय. त्यामुळे पुसण्याऐवजी खुलासा द्यायचं ठरवलं.

रविवारी तो आणि त्याची बहीण आले. माझा मसुदा तयार होता. त्यात शेवटी ‘गैरसमज झाल्याबद्दल दिलगिरी’ असं होतं. तो म्हणाला, “मॅडम, गैरसमज नव्हता. तुम्ही बघितलंच नाही.” शब्द काढला. मग फोटोचा प्रश्न आला. फोटो पुन्हा टाकला तर त्याचा चेहरा आणखी हजार ठिकाणी जाणार, नाही टाकला तर कुठल्या मेसेजबद्दल बोलतेय हे कळणार नाही. आणि मुलीचा चेहरा? डेस्कवर लहान मुलाचा फोटो आला की ओळख लपवणं हे हाताला इतकं सवयीचं होतं की त्यासाठी विचारही करावा लागत नसे. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ तर पाठ होतं. फोनवर तोच हात गप्प बसला होता. शेवटी दोघांचे चेहरे पूर्ण झाकले, पिशवी तेवढी उघडी ठेवली, आणि वर आडवं लाल अक्षरांत ‘ही बातमी खोटी आहे’. पिशवीने त्याला अडकवलं होतं, तिच्यावरूनच लोकांना मेसेजही ओळखू आला. मजकूर असा: ‘मंगळवारी रात्री हा मेसेज मी पाठवला. तो खोटा आहे. मी तो तपासला नव्हता. हा तरुण आपल्या घरच्या मुलीला बालवाडीतून नेत होता. त्याला यामुळे मारहाण झाली आहे. जिथे जिथे पाठवला असेल तिथे हेही पाठवा.’

सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेली अकरा चित्रं आली, आणि एकाचं ‘आगीशिवाय धूर निघत नाही’. भजनी मंडळात कोणीच काही बोललं नाही, म्हणून गुरुवारी आरतीच्या आधी मी उभं राहून तो मजकूर वाचून दाखवला. आयुष्यात इतकं अवघड वाचन केलं नाही. कागद घेऊन रिक्षाच्या रांगेतही गेले. एक रिक्षावाला म्हणाला, “तो होय? तो सुटला ना.” ‘सुटला’! म्हणजे होता चोरच, पण सुटला. त्या एका क्रियापदाशी मी रांगेत उभी राहून दहा मिनिटं भांडले.

तोवर मूळ फ्रेमही हाती आली. बालवाडीच्या समोरच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी पूर्ण चित्र दाखवलं. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची, वेळ बारा बत्तीस, म्हणजे बालवाडी सुटायची. आणि डाव्या कडेला, व्हायरल फोटोत जे कापलं होतं तिथे, बालवाडीच्या बाई फाटकात उभ्या राहून मुलीला टाटा करत होत्या. ज्याने कोणी फोटो कापला त्याने टाटा करणारा हात कापला.

दुसरं काम, इंटरनेटवर हा मेसेज जिथे जिथे पोचला तिथले दुवे, म्हणजे लिंक, शोधणं. वहीत सगळे लिहून काढले, प्रत्येकाचा स्क्रीनशॉट, तारीख, वेळ. अकरा निघाले. त्यात एक स्थानिक बातम्यांचं चॅनेल, एक पोर्टल आणि बाकी समाजमाध्यमांवरची खाती.

इथे कोणाकडे जायचं हे नीट समजून घ्यावं लागतं. प्रेस कौन्सिलचा अधिकार छापील वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरता, आणि १९७८च्या कायद्याने ती ताकीद देऊ शकते, ताशेरे ओढू शकते, दंड नाही. आमचं प्रकरण तिच्याकडे जातच नव्हतं. डिजिटल बातम्यांसाठी २०२१च्या आयटी नियमांत तीन पायऱ्यांची तक्रारव्यवस्था आहे, पण तिच्या मुळाशी असलेल्या तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयानेच ऑगस्ट २०२१मध्ये स्थगिती दिली. बातमीवर सरकारी देखरेख नको, म्हणून तेव्हा डेस्कवर आम्ही सगळे खूश होतो. मी आजही त्याच मताची आहे. पण पोर्टलच्या पानाच्या तळाशी एक मेल पत्ता सोडून काहीही नाही, आणि त्या पत्त्यावरून उत्तर नाही, हे बघत बसले तेव्हा त्या आनंदाची दुसरी बाजू दिसली.

राहिल्या समाजमाध्यम कंपन्या. त्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमणं बंधनकारक. तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत, निकाल १५ दिवसांत, हा तेव्हाचा नियम. तक्रार वापरकर्त्याने किंवा ज्याला झळ बसली त्याने करायची. म्हणून मी नाही, त्याने केली, माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून. प्रत्येक दुवा वेगळा द्यायचा, ‘हे खोटं आहे’ एवढं लिहून भागत नाही, नेमकं काय खोटं आणि त्याचा पुरावा काय ते जोडायचं. आम्ही पूर्ण फ्रेम आणि बालवाडीच्या बाईंचं पत्र जोडलं. पाच दुवे आठवड्याच्या आत गेले. एका कंपनीचं उत्तर आलं: आमच्या धोरणांचं उल्लंघन आढळलं नाही.

त्याच्यावर अपील करता येतं हे बहुतेकांना माहीत नाही. जानेवारी २०२३मध्ये केंद्राने तीन तक्रार अपील समित्या नेमल्या. निकाल मिळाल्यापासून ३० दिवसांत, ऑनलाइन, वकील लागत नाही. आम्ही सप्टेंबरात अपील भरलं. मध्येच २० तारखेला बातमी आली की उच्च न्यायालयात, दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्यावर, तिसऱ्या न्यायमूर्तींनी याच आयटी नियमांतली फॅक्ट चेक युनिटची, म्हणजे सरकारी तथ्यपडताळणी विभागाची, तरतूद घटनाबाह्य ठरवली. त्याचा लगेच फोन, “मॅडम, आपलं पण रद्द का?” त्याला सांगितलं, ती केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलच्या मजकुराची गोष्ट, तुझ्या पिशवीशी संबंध नाही.

पोलिसात गुन्हा नोंदवायचा का, यावर त्याने एका वाक्यात नाही म्हटलं, चौकीतले दोन तास पुरे. मी मात्र भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम ३५३ काढून वाचलं. १ जुलै २०२४पासून लागू झालेलं, अफवा पसरवण्याबद्दलचं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. अपवाद आहे: सद्हेतू, आणि मजकूर खरा मानायला वाजवी कारण. सद्हेतू होता. वाजवी कारण कोणतं होतं, याचं उत्तर मला तीन रात्री सापडलं नाही.

चॅनेलवाला मेलला उत्तर देईना, म्हणून घाटकोपरला गेले. झेरॉक्सच्या दुकानाचा पोटमाळा, हिरवा पडदा, गोल दिवा, बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. त्याच्या व्हिडिओत ‘खात्रीलायक सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार’ असं होतं. चाळीस हजारांवर लोकांनी पाहिला होता. मी डेस्कवरच्या आवाजात विचारलं, “कुठली सूत्रं?” आमचे वृत्तसंपादक प्रत्येक कॉपीच्या समासात लाल पेनाने ‘कोण म्हणतं?’ असं लिहायचे, तोच सूर.

त्याने फोन काढून स्वतःचीच चॅट वर सरकवली. आत्याने पाठवलेला मेसेज. शुद्ध, उद्गारचिन्हासकट.

“तुम्हीच की, मॅडम. आत्या म्हणाली पेपरातल्या बाईंनी टाकलंय. मी तर त्यातला एक शब्दसुद्धा बदलला नाही.”

मला चहा पाजला त्याने. व्हिडिओ माझ्यासमोर काढला. खुलासा टाक म्हटल्यावर म्हणाला, खुलाशाला व्ह्यूज नसतात. मी म्हटलं, आमच्याकडेही नसायचे. आठवड्याने वीस सेकंदांचा टाकला, पिशवीचा फोटो लावून. पोर्टलनेही मग निमूट बातमी काढली, खुलासा न देता. अपिलाचा निकाल ऑक्टोबरात आमच्या बाजूने लागला, तो दुवाही गेला.

वहीत नऊ ओळींवर काट मारली आहे. दहाव्या दुव्याच्या खात्याने अजून दाद दिलेली नाही. अकरावा मागच्या महिन्यात पुन्हा उगवला, वेगळ्या खात्यावर. फोटो तोच, कापलेलाच. गावाचं नाव बदलून सुरत केलंय. बाकी वाक्य जसंच्या तसं, ‘फिरत असल्याचे समजते’सकट, ‘टोळी’ची दुसरी वेलांटी जागच्या जागी. त्याला फोन केला. रविवारी येतो म्हणाला, फॉर्म भरायला, आणि माझ्या फिल्टरची कँडलही बदलायची झाली आहे.