पिंजारी आधी, की मुसलमान?

‘वऱ्हाडात हिंदू-मुसलमान हा भेद इंग्रजांनीच आणला ना?’ लग्नाच्या मांडवात, एसटीत, कुठेही हा प्रश्न मला येतो. आज तुम्ही विचारलंत म्हणून जरा नीट सांगतो. विचारणाऱ्याला बहुतेक ‘हो’ ऐकायचं असतं. मी ‘हो’ म्हणत नाही.

आम्ही पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या. निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला, त्याआधी राज्यकर्ता मुसलमानच होता. तरी गावातला पिंजारी पिंजारीच राहिला, नवाबाशी त्याची सोयरीक काही जुळली नाही. निकाह काझी लावायचा, मयत दफन व्हायची. आम्हाला कुणी हिंदू समजत नव्हतं. पण माणसाची ओळख आधी त्याच्या कामावरून, गावावरून व्हायची.

मग खानेसुमारी, म्हणजे जनगणना आली. १८८१ पासून दर दहा वर्षांनी सगळा देश मोजला जाऊ लागला आणि धर्माच्या रकान्यात एकच शब्द लिहायचा होता. रसेल हा इंग्रज अधिकारी आणि त्याचे सहकारी हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर ग्रंथ काढला; आपलं वऱ्हाड तेव्हा याच प्रांताला जोडलेलं होतं. त्यात बहना म्हणजे पिंजारी मुसलमान असल्याचं आहे, आणि ते पाळत असलेल्या हिंदू चालीरीतीही नोंदल्या आहेत. १९११ च्या खानेसुमारीत मुंबई इलाख्याच्या अधिकाऱ्याने गुजरातेतल्या अशाच काही जमाती ‘हिंदू-मुसलमान’ म्हणून नोंदवल्या, तर वरच्या आयुक्ताला ते रुचलं नाही.

मोजणी झाली की वाटाही मागता येतो. १९०९ मध्ये स्वतंत्र मतदारसंघ आले, म्हणजे मुसलमानांच्या जागांसाठी फक्त मुसलमानांनीच मत द्यायचं. १९१६ च्या काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यातल्या लखनौ करारात मध्य प्रांताच्या कायदेमंडळात मुसलमानांना १५ टक्के जागा ठरल्या, वस्ती मात्र शंभरात जेमतेम चार-पाच. याला कुणी लाच म्हणतं. मला ते मान्य नाही. एवढ्या थोड्या लोकांनी आपला आवाज कुठे ऐकवायचा? माझी तक्रार वेगळी आहे. मताचा हक्क होता शेतसारा आणि कर भरणाऱ्याला. पिंजाऱ्याजवळ ना शेत, ना वाडा. त्याचं डोकं मोजलं गेलं आणि त्या आकड्यावर जागा मिळाली ती वकिलांना, जमीनदारांना.

१९३७ मध्ये प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं आणि त्यातले शिक्षणमंत्री रविशंकर शुक्लांनी विद्या मंदिर योजना मांडली. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर खेड्यातली शाळा चालवायची, असा बेत. नावातल्या ‘मंदिरा’वरून मुस्लिम लीगने रान उठवलं. मला विचाराल तर सरकारने नावासाठी एवढं अडून बसायला नको होतं, आणि लीगच्या पुढाऱ्यांनी खेड्यातली पोरं डोळ्यांपुढे ठेवायला हवी होती. हे भांडण चाललं होतं त्या दिवसांत आमच्या वस्तीत सही करता येणारा एकही माणूस नव्हता. मला याचा आजही राग येतो.