फिशरची फाइल

एरिक फिशरच्या नावापुढे माझ्या सहकाऱ्याने 'फसलेली निवड' असं आधीच भरून ठेवलं होतं. आमची कंपनी खेळांची आकडेवारी विकते. त्या दिवशी अमेरिकन फुटबॉलच्या २०१३ च्या ड्राफ्टमधल्या (त्यात संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात) जुन्या निवडींना शेरे द्यायचे होते आणि फिशर हा त्या वर्षीचा पहिल्याच क्रमांकाचा खेळाडू. २०१२ मध्ये १६ पैकी १४ सामने हरलेल्या कॅन्सस सिटी चीफ्सनी त्याला घेतलं.

सहकारी पक्का फिलाडेल्फिया ईगल्सचा चाहता. त्याचा मुद्दा एकच: चौथ्या क्रमांकावर ईगल्सना फिशरसारखाच लाइनमन लेन जॉन्सन मिळाला, मग पहिल्यावर फिशर कशाला?

लाइनमन म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकसमोर उभं राहून विरुद्ध संघाला अडवणारा. त्याला जोखणं अवघडच. ना धावा, ना गोल. चेंडू त्याच्या हाती जवळपास येतच नाही. विकेटकीपरसारखं, सुटलं तरच नाव निघतं. फिशरसारख्या लेफ्ट टॅकलकडे, म्हणजे रांगेच्या डाव्या टोकाच्या लाइनमनकडे, तर उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची न दिसणारी बाजू असते. म्हणून आम्ही प्रत्येक डाव थांबवून थांबवून पाहतो.

आधी जानेवारी २०१७ चा स्टीलर्सविरुद्धचा सामना लावला. चीफ्सनी शेवटच्या मिनिटांत दोन गुण मिळवून १८-१८ अशी बरोबरी साधली आणि पंचांचा पिवळा रुमाल, म्हणजे नियमभंगाची खूण, पडला. फिशरने जेम्स हॅरिसनला धरलं होतं. गुण रद्द झाले, सामना १८-१६ ने गेला. सहकाऱ्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मीही तो डाव फिशरच्या खात्यात उणेच लावला.

मग मी फेब्रुवारी २०२१ चा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, काढला.

"अरे, त्यात फिशर खेळलाच नाही!"

म्हणूनच काढला होता. दोन आठवडे आधी बफेलोविरुद्ध त्याच्या टाचेची शीर तुटली होती. उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्यामुळे आधीपासूनच बाहेर. मग माइक रेमर्स उजवीकडून डावीकडे आला, उजव्या टॅकलच्या जागी गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा लाइनमन) अँड्र्यू वायली गेला. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स चेंडू घेऊन मागे मागे पळतोय, पडता पडता फेकतोय. ईएसपीएनच्या मोजणीत त्याच्यावर २९ वेळा दबाव आला, सुपर बोलमधला तोवरचा उच्चांक. चीफ्स ३१-९ हरले, चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन केलेला एकही टचडाउन नाही. दोन्ही टॅकल नव्हते, त्यामुळे सगळं माप एकट्या फिशरच्या पदरात घालणं बरोबर नाही. पण अर्धं तरी?

शिवाय एक वर्ष आधी जिंकलेल्या सुपर बोलमध्ये डावा टॅकल तोच होता. हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या प्रो बोलसाठीही तो दोनदा निवडला गेला. जॉन्सन त्याच्याहून सरस, यात वादच नाही. पण तो ज्युनियर कॉलेजात क्वार्टरबॅक होता. २०१३ च्या एप्रिलमध्ये त्याचा इतका भरवसा कोणी धरला असता? आणि चीफ्सनी त्याच ड्राफ्टमध्ये ६३ व्या क्रमांकावर पुढे मोठा तारा झालेल्या ट्रॅव्हिस केल्सीला उचललं.

"मग केल्सीलाच पहिला घ्यायचा!" सहकारी म्हणाला. यावर काय बोलणार?

फॉर्ममध्ये तीनच पर्याय होते: उत्तम, ठीक, फसलेली. मी 'ठीक' निवडलं, त्याने 'फसलेली' कायम ठेवलं, आणि फाइल साहेबांकडे गेली. पुढचं नाव दुसऱ्या क्रमांकाचं, ल्यूक जोकेल. जॅक्सनविलने त्याला चार हंगामांनंतर जाऊ दिलं. तिथे आमचं एकमत व्हायला मिनिटही लागलं नाही.