ही भिंत धरणार नाही

ड्रिलवाल्याने मशीन पिशवीतून बाहेर काढलंच नाही. आधी बोटाच्या पेराने हॉलची भिंत वाजवली, दोन हात सरकून पुन्हा वाजवली आणि मान हलवली. "काकू, ही भिंत धरणार नाही. फोटो लावा, घड्याळ लावा. सायकल नको."

भिंत पांढऱ्या हलक्या ब्लॉकची, चार इंची. हा ब्लॉक पाण्यात टाकला तर तरंगतो, हेही त्यानेच सांगितलं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही तरंगणाऱ्या वस्तूला पाठ टेकून बातम्या बघतोय. स्क्रूची साधी गिट्टी यात नुसती फिरत राहते, ब्लॉकसाठीचे वेगळे फास्टनर मिळतात, पण रोज सायकल चढवायची, रोज उतरवायची, रोज तो हिसका बसायचा, याची गॅरंटी द्यायला तो तयार नव्हता. "कॉलमला मारून देतो. कॉलमला हत्ती बांधा." मग कॉलमचा शोध सुरू झाला. एक सापडला बेडरूममध्ये, भिंतीतल्या कपाटामागे. दुसरा स्वयंपाकघरात, मिक्सर ठेवतो तिथे. चहा पिऊन तो गेला. पैसे घेतले नाहीत.

सायकल माझी. पन्नाशी उलटल्यावर घेतलेली, गिअरची, पण समोरून पाय काढता येईल अशी, दांडी नसलेली. खाली पार्किंगमध्ये ठेवायचे. आधी घंटी गेली, मग व्हॉल्व्हची टोपणं गेली, मग कुणाच्या तरी चिरंजीवांनी सायकल उभी असतानाच सगळे गिअर पाडून बघितले. तेव्हापासून ती वर घरी येते. लिफ्टमध्ये सरळ मावत नाही. मागच्या चाकावर उभी करून, पुढचं चाक छातीशी धरून तिला आणावी लागते. वर आल्यावर टेकवायची कशाला, हा प्रश्न. कारण हल्लीच्या सायकलींना स्टँडच नसतो. सायकल घेताना दुकानातल्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, अर्धा किलो वजन वाढतं." असं अर्धा अर्धा किलो वाचवणारी मंडळी रविवारी सकाळी खडकवासल्याकडे जाऊन मिसळीवर वरून तर्री मागून घेतात. असो.

आमच्या अण्णांची सायकल आपला स्टँड स्वतःबरोबर घेऊन फिरायची. काळी, अठ्ठावीस इंची, पूर्ण चेनकव्हरवाली. शनिवार पेठेतून नव्या पुलावरून, वाकडेवाडीवरून खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत जायची आणि संध्याकाळी परत यायची. त्यांची पहिली सायकल पानशेतच्या पुरात गेली. १२ जुलै १९६१ ला नदी पेठेत शिरली, तेव्हा वाड्याच्या बोळात उभी होती, ती पुन्हा दिसली नाही. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण त्या सायकलीबद्दल इतकं ऐकलंय की ओळखू शकेन. दुसरी मात्र त्यांनी जपली. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडल्याचं कानावर आलं की आमच्याकडे आधी सायकल माडीवर जायची, मग गाद्या. आजी म्हणायची, "मलाही न्या हो त्यानंतर."

सायकल घरात घेण्याची त्यांची एक पद्धत होती. बोळाच्या तोंडाशी एकदा घंटी. उंबऱ्याशी आल्यावर हँडल किंचित उचलून पुढचं चाक आत, मग डावा हात सीटखाली घालून मागचं. भिंतीशी आले की स्टँडवर उजवा पाय दाबायचा, कॅरियर धरून सायकल मागे ओढायची. खट्. मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर. चेनखाली पोत्याचा तुकडा, तेल टपकलं तर त्यावर. हँडलची मूठ भिंतीला लागायची तिथला चुना गेलेला, आतली माती दिसायची, आणि दर दिवाळीला रंग दिला तरी दत्तजयंतीपर्यंत ती पुन्हा दिसू लागायची. सीटखाली कोंबलेलं फडकं निघायचं, त्याने आधी रिमा, मग आरे. हँडलवर कर भरल्याचा बिल्ला होता, तोही पुसायचे. खंडेनवमीला तिला झेंडूची माळ असायची. आईच्या शिवणयंत्रालाही असायची, पण जरा लहान.

त्या स्टँडवर आम्ही सायकल शिकलो, म्हणजे निदान पायडल मारायला. अण्णा झोपले की सायकल जागच्या जागी सुटायची. एकाने दांडीखालून पाय घालून पायडल मारायचं, दुसऱ्याने डायनॅमो टायरवर दाबायचा. सुरुवातीला दिव्यात नुसती तांबूस तार दिसायची, वेग आला की समोरची भिंत उजळायची. लाइट गेलेले असले तर काय विचारता! बोळात येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून आम्ही त्याचं तोंड बघायचो. शेजारच्या भाडेकरूंची धाकटी "खडकी आली, खडकी आली" म्हणून ओरडायची, आणि आतून आजी, "अरे, टायर झिजतंय ना!" जमिनीला न लागणारं चाक कसं झिजेल हे तिला विचारायची प्राज्ञा नव्हती.

तर स्टँड. बाजारात किती प्रकार आहेत याची मला कल्पनाच नव्हती. सगळ्यात स्वस्त म्हणजे भिंतीतला हूक. पुढचं चाक त्यात अडकवायचं आणि बाकीची सायकल खाली लोंबते, खाटकाकडच्या बोकडासारखी. भिंतीवर टायरचा काळा पट्टा उठतो तो वेगळाच. शिवाय सायकल चौदा-पंधरा किलोची, मी पाच फुटांची. रोज पहाटे ती डोक्याच्या वर उचलायची तर मग व्यायामाला बाहेर जायची गरजच काय?

दुसरा प्रकार दिसायला फार देखणा: लाकडाचे किंवा लोखंडाचे दोन हात भिंतीतून पुढे आलेले, त्यावर सायकलची दांडी ठेवायची. जाहिरातीत त्या दोन हातांमध्ये पुस्तकं आणि मनीप्लँट असतो. पण त्याला आडवी, सरळ दांडी लागते. पुरुषांच्या हल्लीच्या सायकलींची दांडीही उतरती असते, म्हणून त्याही त्यावर तिरक्या बसतात. आणि बिनदांडीच्या सायकलीसाठी एक खोटी दांडी वेगळी विकत मिळते! सीटच्या नळीपासून हँडलच्या नळीपर्यंत चिमट्याने लावायची, सायकल टांगायची, जाताना काढून ठेवायची. म्हणजे साडी नेसून बसता यावं म्हणून ज्या सायकलीची दांडी काढली, तिला भिंतीवर चढण्यापुरती परत लावायची. मी ते पान बराच वेळ उघडं ठेवलं होतं.

कप्प्यांनी छताला ओढून घ्यायची सोयही आहे. आमच्या छताला पीओपी आहे, त्यामुळे ती आणि जमिनीपासून छतापर्यंत स्प्रिंगने ताठ बसणारा खांब, दोन्ही बाद. तो खांब पीओपीतून सरळ वर गेला असता. नवरा म्हणाला, "मग वरच्यांकडेच ठेव की."

राहिले जमिनीवरचे. त्यातही चाक खाचेत घालायचे स्टँड मला पसंत नाहीत. टायर जाड असेल तर जात नाही, बारीक असेल तर सायकल डुलते, आणि धक्का लागला की सगळा भार आऱ्यांवर. मग चाकाला आऊट येतो, म्हणजे ते वाकडं फिरतं, आणि आपण रस्त्याला दोष देतो. मागच्या चाकाच्या आसाशी दोन्ही बाजूंनी धरणारा एक तिकोनी स्टँड असतो. ना भोक, ना ड्रिल, ना कॉलम. मागचं चाक जमिनीपासून जरासं उचललेलं राहतं. तोच घेतला. हॉलमधून बेडरूमकडे जाताना उजव्या हाताला ठेवलाय. पाहुण्यांच्या नडग्यांना पायडल लागतं, पण आमच्याकडे पाहुणे फार येत नाहीत.

या सगळ्या खरेदीत माझी एकच कसोटी होती आणि ती कुठल्याही दुकानदाराला पटली नाही. सायकल ठेवल्यावर कशी दिसते हे सगळे दाखवतात. काढायला किती वेळ लागतो ते कुणी दाखवत नाही. सकाळी सहाला अर्धवट झोपेत, दिवा न लावता, एका हाताने सायकल सुटली पाहिजे. उचलावी लागली, पट्टा सोडावा लागला, खोटी दांडी काढावी लागली, की माणूस म्हणतो, उद्या जाऊ. तिथून पुढे ती भिंतीवर छान दिसते.

माझी भाची नेदरलँड्समध्ये आहे, उत्रेख्तला. तिथे स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली मावतील असा भूमिगत वाहनतळ आहे, तीन मजल्यांचा. खालपर्यंत सायकलवर बसूनच जायचं, रिकाम्या खणाकडे दिवे बोट दाखवतात. तिने व्हिडिओ पाठवला तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. चार अंगठे आले. आमच्याकडे चारचाकीला रंगवलेला चौकोन, दुचाकीला पट्टा, सायकलीला जिन्याखालची जागा. तिथे बहुतेक मुलांच्या सायकली आहेत. मुलं अमेरिकेत, टायर जमिनीला चिकटलेले, सीटवर मांजर. दरवर्षी "बेवारस सायकली हलवाव्यात" अशी नोटीस लागते आणि दरवर्षी कुठली तरी आई खाली येऊन सांगते, "ती आमची आहे, राहू दे."

वॉचमनकाकांची सायकल मात्र तिथेही नाही. ते उत्तमनगरहून येतात, रात्रपाळीला. काळी, उंच, स्टँडवाली सायकल, अण्णांच्या सायकलीची धाकटी बहीण. आत फक्त स्टिकर असलेली वाहनं, आणि स्टिकर फक्त सभासदांना. म्हणून ती गेटबाहेर, वीजमंडळाच्या डीपीच्या जाळीला साखळीने बांधलेली असते. सीटवर दुधाची पिशवी उलटी करून चढवलेली, तिला रबरबँड, हँडलच्या दोन्ही मुठींना तशाच छोट्या पिशव्या. चेनचं काय, विचारलं तर म्हणाले, "तेल सोडतो की रोज." मागचा मडगार्ड गंजून फाटलाय, त्याला तारेचे दोन टाके आहेत.

गेल्या वार्षिक सभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, जिन्याखालच्या चार सायकली हलवल्या तर यांची आत येईल. सेक्रेटरी म्हणाले, मुद्दा रास्त आहे, पण विषयपत्रिकेवर नाही. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांत घेऊ. ऐनवेळपर्यंत सभा पोचली तेव्हा वडे संपले होते आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. विषय पुढील सभेपर्यंत तहकूब, असं इतिवृत्तात लिहिलंय. पुढची सभा सप्टेंबरात. पाऊस जूनमध्ये.