चार इंच पायजे

आमचं दुकान मूळचं पाट्यांचं, म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या कमानदार स्प्रिंग-पट्ट्यांचं. सोलापुरात अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडं. आधी वडील बसायचे, आता मी बसतो. ट्रक, टेम्पो, उसाच्या ट्रॉल्या. मोडलेला पाटा काढायचा, बसलेली कमान घण मारून परत आणायची, पाट्याच्या टोकातले बुश बदलायचे, पाटा आवळून धरणारे यू-बोल्ट नवे टाकायचे. जीपवाली पोरं गेल्या पाच-सहा वर्षांत यायला लागली. त्यांना गाडी उचलून पाहिजे असते. उचलून म्हणजे चोरून नव्हे, उंच करून.

जानेवारीत असंच एक पोरगं आलं, मंगळवेढ्याकडचं. सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरलेला, होम मैदानाकडचे रस्ते वळवलेले, त्यामुळं नऊला येतो म्हणालेला माणूस साडेअकराला पोचला. गाडी जिप्सी. लष्कराच्या लिलावातनं कुणीतरी घेतलेली, त्याच्याकडनं यानं घेतलेली. शेजारी वडील, मांडीवर जेवणाची पिशवी. मागं खोक्यांत गाडी उंच करायचं अख्खं किट: चारी चाकांचे पाटे, चार शॉकअप, यू-बोल्ट. पैसे भरून आधीच मागवलेलं.

"मामा, चार इंच पायजे."

"कशाला?"

"शेताच्या रस्त्याला खाली घासायलीय. आन् दिसाय पण भारी दिसतंय की ओ."

खरं कारण दुसरं, हे कळायला काही लागत नाही. पण पहिलंही खोटं नव्हतं. वरनं त्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. जिप्सीचे पाटे मूळचे हाऊसिंगच्या, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या लोखंडी नळीच्या, खाली असतात. ते काढून हाऊसिंगच्या वर बसवले की गाडी एका दिवसात पाचेक इंच वर जाते. किट जमलं नाही तर हे करा म्हणाला. मी सरळ नाही म्हणालो. पाटा वर गेला की ओढ लागल्यावर हाऊसिंग पाट्याला पीळ देतं, चाकांना ताकद पोचवणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे सांध्यावर, ताण येतो आणि स्टिअरिंगचा दांडा इतका तिरका होतो की खड्ड्यात चाक उतरलं की हँडल आपोआप फिरतं. हे सगळं सावरून नीट काम करणारे लोक आहेत, पण त्यांची गाडी रविवारी ट्रेलरवर जाते आणि ट्रेलरवर येते. याची गाडी रोज वडलांना घेऊन शेताला जाणार होती.

कायद्याचंही मी आधीच सांगून टाकतो, नंतर तोंड वाजवायला नको. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं, कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या गोष्टींपेक्षा वेगळा बदल चालणार नाही. सुप्रीम कोर्टानंही 2019 च्या जानेवारीत तेच सांगितलं. दंड एका बदलाला पाच हजार, शिवाय कैदेची तरतूद आहे. पोरगं हसलं. "सगळेच करायलेत की." करायलेत, खरंय. अपघात झाल्यावर विमावाला गाडीखाली वाकून बघतो तेव्हा त्यातलं कुणी हसत नाही.

चहा सांगितला आणि गोणपाट टाकून गाडीखाली शिरलो.

किट निवडायच्या आधी मी एकच गोष्ट बघतो: गाडी घासते म्हणजे नेमकं काय घासतं. काळ्या रानातला चिखल वाळून सगळीकडं पापुद्रे धरलेले. ते खरवडून काढले. चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, रंग शाबूत. गिअरबॉक्सच्या खालच्या पट्टीवर ओरखडा नाही. आणि मागच्या हाऊसिंगचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल जिथं बसतं तो फुगीर भाग, खालनं नव्या रुपयासारखा लखलखीत. पुढच्यावरही दोन खोल चरे. उसाच्या ट्रॉलीनं पाडलेल्या चाकोरीत गाडी उतरते, मधला उंचवटा या गोळ्याला लागतो.

मी पोराला खाली बोलावलं, बोट लावून दाखवलं. "हा गोळा पाट्यावर लटकत नाही, चाकावर बसलाय. मी चार इंच काय, चौदा इंच गाडी उचलली तरी हा जमिनीपासनं जितका आहे तितकाच राहणार. वर जाणार तू."

तो बराच वेळ गोळ्याकडं बघत पडून राहिला. वरनं वडलांचा आवाज आला, "काय म्हणतेत रे?"

"हे वर येणारच नाही म्हणतेत, तात्या."

"मग खोकी कशाला घेतली बे?"

हे इथंच संपलं असतं तर साधं गिऱ्हाईक म्हणून विसरलो असतो. पण तात्या म्हणाले, बेगमपूरच्या पुलावर गाडी नुसती वळवळत होती, हँडल सोडलं की सरळ येत नाही. म्हणून टेप काढला. टायर झिजलेला असला, हवा कमी असली तर जमिनीपासनं घेतलेलं माप फसवतं. मी चाकाच्या मध्यापासनं वरच्या मडगार्डच्या कमानीपर्यंत घेतो आणि वहीत लिहितो. कुणी हात न लावलेल्या एका जिप्सीचं माप वहीत होतंच. याची गाडी त्यापेक्षा पुढं 12 मिलिमीटर आणि मागं 15 मिलिमीटर खाली.

"असं कसं? आधीच दोन इंच वाढवून घेतलीय," पोरगं म्हणालं. कुठल्यातरी गॅरेजात शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या, दोन इंचानं लांब करून घेतले होते. घेतल्यावर आनंदात कुणी मोजलं नव्हतं.

शॅकल पाट्याच्या एका टोकाला असतो, हाऊसिंग मधोमध. टोक दोन इंच सरकलं तर मध्य एकच इंच सरकतो. म्हणजे मिळाला एक इंच, आणि लष्करात आयुष्य काढलेले पाटे त्याआधीच दीड इंच बसलेले होते. उंच केलेली गाडी कंपनीच्या गाडीपेक्षा बुटकी! वळवळीचं कारणही तेच. जिप्सीला पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की हाऊसिंग कलतं, चाक ज्या खिळ्यावर फिरतं त्याचा मागचा कल कमी होतो, आणि हँडल आपलं आपण सरळ येईना होतं. हाऊसिंग आणि पाट्याच्या मध्ये पाचर मारून हे सावरता येतं. ती मारलेली नव्हती.

मग चासीला जॅक लावला आणि पुढचं चाक लोंबू दिलं. आधीच्या गॅरेजवाल्यानं दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचे लांब शॉकअप बसवलेले, त्यामुळं चाक खाली जातच राहिलं. हेल्परला हँडल पूर्ण उजवीकडं फिरवायला सांगितलं. डाव्या चाकाची ब्रेकची रबरी नळी धोतराच्या दोरीसारखी ताणली. टोकाच्या पितळी नटाजवळ रबर उकललं आणि आतली विणलेली जाळी दिसायला लागली. मी हेल्परला ब्रेक दाबायला सांगितलं. जाळीतनं तेलाचा एक थेंब फुगला, लोंबला आणि माझ्या मनगटावर पडला.

बाप-लेक पन्नासेक किलोमीटर ही गाडी चालवत आले होते, गड्ड्याच्या गर्दीतनं. तात्यांना मी काही बोललो नाही. पोरगं मात्र खाली होतं, त्यानं बघितलं. त्यानंतर चार इंचाचा विषय त्यानं काढला नाही.

ब्रेकच्या नव्या नळ्या मागवल्या, त्या येईपर्यंत दोन तास होते. तिघांनी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खाल्ली. मग खोकी उघडली. किट वाईट नव्हतं, त्याच्यासाठी नव्हतं. आतल्या कागदावर लिहिलेलं: पुढचे पाटे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) धरून, मागचे कायम दोनशे किलो ओझं धरून. लोक उंची बघून किट घेतात. खरं तर वजन बघून घ्यायचं असतं. रिकाम्या गाडीला जड पाटा लावला की तो दबतच नाही, खड्ड्यात चाक खाली उतरायच्या ऐवजी हवेत राहतं आणि पकड जाते. वर पाठीचे मणके वेगळे.

"ओझं असतंय की ओ," पोरगं म्हणालं. "खताची पोती असतेत."

"खत ट्रॅक्टरनं जातंय," तात्या म्हणाले.

नव्या नळ्या टाकून, ब्रेकची हवा काढून झाल्यावर जवळच्या वजनकाट्यावर गेलो. आधी पुढची दोनच चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी. काटेवाला आमच्याकडं बघत बसला, त्याच्याकडं एवढी हलकी गाडी येत नाही. पुढं 540, एकूण 1010. म्हणजे मागं 470 किलो. ओझ्याचे पाटे यावर बसवणं म्हणजे पोराला बापाचा सदरा घालणं.

शॉकअपही मोजला. हाऊसिंग रबरी ठोकळ्याला टेकतं तेव्हा वरच्या-खालच्या बोल्टात 300 मिलिमीटर अंतर उरत होतं, आणि किटमधला शॉकअप पूर्ण दाबूनही 320. ठोकळ्याच्या आधी शॉकअपच ठोकला गेला असता. एखाद्या महिन्यात त्याची बोल्ट जायची डोळी तुटली असती.

दुकानदाराला मी स्वतः फोन लावला. न वापरलेला माल होता, तो बदलून द्यायला तयार झाला: मूळ उंचीचे, हलक्या गाडीचे पाटे आणि मापात बसणारे शॉकअप. पंधरा दिवसांत आले. मूळ मापाचे शॅकल, नवे बुश, नवे यू-बोल्ट टाकले. शॅकलचे बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी जमिनीवर उतरवून, तिचं वजन चाकांवर आल्यावर. लोंबत्या चाकावर आवळले तर बुश पिळलेलाच राहतो. हँडल सरळ यायला लागलं. आणि चाकापासनं कमानीपर्यंतचं माप आधीपेक्षा अर्ध्या इंचानं वाढलं. काहीही न वाढवता.

राहिला तो गोळा. तो वर घ्यायचा तर टायरच मोठा पाहिजे. मूळ टायर 205/70 आर 15, उंची 668 मिलिमीटर. पोराला 235/75 पाहिजेत. त्यांची उंची 733, म्हणजे गोळा खालनं सव्वा इंचाच्या आसपास वर जातो. पण तेराशे सीसीच्या इंजिनाला ते ओढायला जड, वेगाचा काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी सहासष्टनं पळते, आणि मडगार्डला घासणार ते वेगळंच. मधला 215/75 घेतला तर पावणेदोन सेंटिमीटर मिळतात. काहीही घ्या, आधी आरटीओला विचारा, असं सांगून पाठवलं.

तीन आठवड्यांनी यू-बोल्ट परत आवळायला आला. नवे पाटे बसतात, बोल्ट थोडे सैल पडतातच. त्यातले दोन पाव आट्यानं फिरले. मित्र हसतात म्हणाला, एवढे पैसे घालून गाडी तशीच दिसायलीय. टायरचं विचारलं, तर तात्यांनी शेजारच्या सीटवरनं हात वर केला.

"कारखान्याचं बिल आलं की बघू."

बिल अजून यायचंय.