शेततळ्यातल्या बोटीला मोटर कोणती, बॅटरी कोणती

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, बोटीला मोटर कोणती लावू, असं कुणी विचारलं की माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: चालवणार कुठे? आमच्या तासगाव भागात द्राक्षबागांमुळे शेततळी भरपूर. गवत नाही, लाटा नाहीत, पाणी स्वच्छ. बोटीसाठी याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. पण तळाला आणि उताराला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरलेला असतो, त्यावर शेवाळ धरतं, आणि आत पडलेला माणूस पोहणारा असला तरी त्या उतारावर त्याचा पाय टिकत नाही. अशा बातम्या आपण सगळेच वाचतो. म्हणून माझ्या लेखी चांगली मोटर आणि चांगली बॅटरी म्हणजे जी बोटीला दर वेळी काठाला आणते ती. वेगाचं नंतर बघू.

माझ्या भाच्याला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात दिसतो तसा मासेमारी ट्रॉलर करायचा होता. १५ मीटरची बोट धरली आणि १:२० प्रमाण घेतलं की मॉडेल होतं ७५ सेंटिमीटरचं, वजन साधारण ५ किलो. त्याचा पहिला प्रश्न, "मामा, ७७५ टाकूया का? दणकट असते म्हणे."

अरे, ७७५ हा नुसता मोटरच्या डब्याचा आकार झाला, ४२ मिलिमीटर व्यासाचा. त्याच डब्यात १२ व्होल्टवर मिनिटाला ३००० फेरे घेणारी मोटर मिळते आणि १२००० घेणारीही. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात. म्हणून दुकानात आकार सांगून भागत नाही, व्होल्ट आणि त्या व्होल्टला आरपीएम किती, हे विचारूनच घ्यायचं. लेबलवर आरपीएम नसेल तर मी ती मोटर घेत नाही, कितीही स्वस्त असो.

आणि ट्रॉलरला आरपीएम हवेत तरी किती? पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्याला टेकलेली लांबी मीटरमध्ये घ्या, तिच्या वर्गमुळाला १.२५ ने गुणा, की सेकंदाला किती मीटर ते कळतं. आमच्या बोटीला हे उत्तर येतं १ मीटरच्या थोडं पुढे, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाचा वेग. त्यापुढे कितीही ताकद लावा, नाक वर, शेपूट खाली आणि मागे नुसती लाट. खऱ्या ट्रॉलरचे ८ नॉट १:२० ला उतरवले, म्हणजे २० च्या वर्गमुळाने भागले, तरी ताशी ३.३ किलोमीटरच होतात. पाण्यावर ती बोट खरी वाटते ती याच वेगाला. खेळण्यासारखी धावली की सगळी मेहनत वाया.

म्हणून ४० मिलिमीटरचा तीन पात्यांचा पितळी पंखा घेतला आणि १२ व्होल्टला साडेचार हजारांच्या आसपास फेरे देणारी ५५५ मोटर. मोटर थेट शाफ्टला, म्हणजे पंख्याच्या दांड्याला, जोडायची असेल तर पंख्याचा व्यास मोटरच्या व्यासापेक्षा फार मोठा नसावा, हा जुना ठोकताळा आहे आणि मी तो पाळतो. पंख्यात एक-दोन मिलिमीटरने काय होतंय, असं वाटतं. पण त्याच फेऱ्यांना लागणारी ताकद व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. ४० चा ४२ केलात की सव्वापटीहून जास्त.

सगळ्यात जास्त वेळ मी कपलिंगवर, म्हणजे मोटर आणि शाफ्टच्या जोडावर, घालवतो. आधी मोटर एकटी फिरवून करंट बघायचा. मग शाफ्ट जोडून, पंखा न लावता पुन्हा बघायचा. आकडा किंचित वाढला तर ठीक. दुप्पट-तिप्पट झाला तर मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत. मग मोटरच्या पायाखाली पातळ पत्र्याची चकती सरकवायची, बोटाने शाफ्ट फिरवून बघायचा, पुन्हा आकडा. कागदाच्या जाडीएवढ्या फरकाने घरघर थांबते, ते कानालाही कळतं. शाफ्टच्या नळीत ग्रीस भरल्यावर शेवटचा आकडा वहीत लिहून ठेवायचा. पुढे कधी बोट मंदावली तर तोच आकडा दोष कुठे आहे ते सांगतो.

त्यानंतर हौद. बोट हाताने धरून पूर्ण थ्रॉटल द्यायचा आणि वॉटमीटर वाचायचा. धरलेली बोट मोकळ्या बोटीपेक्षा जास्त करंट ओढते, म्हणून हिशेब याच आकड्यावर करायचा. आमचा २ अँपिअर आला. फ्यूज घातला ५ अँपिअरचा, गाड्यांना असतो तोच. पंख्यात सुतळी अडकून मोटर जाम झाली तर फ्यूज जावा, वायर जळू नये.

बॅटरीला दुकान शोधावं लागलं नाही. पाठीवरच्या फवारणी पंपात १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची शिशाची सीलबंद बॅटरी असते, ती कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळते. वजन सुमारे अडीच किलो. मॉडेल विमानं उडवणारे नाकं मुरडतील, पण ट्रॉलर पाण्यात योग्य रेषेपर्यंत बसायला पोटात वजन घालावंच लागतं. मग नुसतं लोखंड घालण्यापेक्षा बॅटरी काय वाईट? मध्यभागी, तळाला, पट्ट्याने घट्ट बांधलेली. निम्मी क्षमताच वापरायची, असं ठरवून दीड तासाचा टायमर लावतो. टायमर वाजला की बोट काठाला, भले ती कितीही छान चालत असो.

वेगवान बोटीचं गणित निराळं. तिथे ब्रशलेस मोटर, लायपो (हलकी लिथियम-पॉलिमर) बॅटरी आणि पाण्याने थंड होणारा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर. केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे; त्याला व्होल्टने गुणलं की फेरे कळतात: २००० केव्ही आणि ३एस, म्हणजे तीन सेलची ११.१ व्होल्टची बॅटरी, झाले २२,२००. सुरुवातीला एवढे पुष्कळ. तोच पंखा ठेवून ३एसची ४एस केली आणि फेरे त्याच प्रमाणात वाढले तर ताकद सव्वादोन पटीच्याही पुढे लागते, कारण ती फेऱ्यांच्या तिसऱ्या घाताने वाढते. त्यामुळे बॅटरी बदलली की पंखा लहान करायचा. पाकिटावरचा सी-आकडा, म्हणजे बॅटरी क्षमतेच्या किती पट करंट देऊ शकते तो, मी निम्मा धरतो. आणि बॅटरी उतरली की मोटर बंद करणाऱ्या ईएससीच्या कट-ऑफवर विसंबत नाही. तो बॅटरी वाचवतो, पण बोट नेमकी मधोमध उभी करतो.

शेततळ्यात मात्र ही बोट आणू नका. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. ३० मीटरचं तळं तीन सेकंदांच्या आत संपतं आणि पुढे प्लास्टिक फाटतं. तो कागद शेतकऱ्याने कर्ज काढून घातलेला असतो.

इतकं करूनही बोट बंद पडतेच कधीतरी. त्यासाठी तळ्याच्या रुंदीहून लांब दोरी नेहमी सोबत. समोरासमोरच्या बांधांवर एकेक जण दोरी धरून चालत जातो, दोरी पाण्यावरून सरकत बोटीला काठाकडे ढकलते. पाण्यात कुणी उतरायचं नाही, मुलांनी तर नाहीच. एकट्याने जायचं नाही. बोट बुडाली तर बुडाली, दुसरी करू.

घरी आल्यावर लायपो सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवायची, भरलेली नाही आणि रिकामीही नाही. शिशाच्या बॅटरीचं उलट: ती पूर्ण चार्ज करूनच ठेवायची, अर्धवट पडून राहिली की सल्फेट धरून निकामी होते. आमची तशी पडून राहत नाही. पावसाळ्यात बोट माळ्यावर गेली की बॅटरी परत पंपात बसते आणि बांधावरच्या तणाला फवारा मारते.