आरव्हीच्या कापडी छतावरचे पाण्याचे डाग : माझा अनुभव

डाग आत होता, पण मी पहिल्यांदा शिडी लावली ती बाहेरून. हे शहाणपण माझं नव्हे. बाबांचं आयुष्य पीडब्ल्यूडीत गेलं, व्हिडिओ कॉलवर डाग दाखवला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अगं, डाग दिसतो तिथेच पाणी शिरलंय असं समजू नकोस. आधी वाट शोध."

आमची आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, २००४ सालची, फोर्डच्या ई-४५० चासीवरची, सेकंडहँड घेतलेली. ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला जो झोपायचा माळा असतो, त्याच्या छताला तपकिरी कडांचे डाग पडले होते. वर्कशॉपवाल्याने सगळं कापड उतरवून नवीन लावायचा सल्ला दिला आणि असा आकडा सांगितला की मी घरीच प्रयत्न करायचं ठरवलं.

आम्ही सिएटलजवळ राहतो. इथला पाऊस आपल्याकडच्यासारखा कोसळत नाही, पण ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत रेंगाळत राहतो. जुलै-ऑगस्ट मात्र कोरडे. ओल सुकवायची तर याच दिवसांत.

गळती शोधायची पद्धत सोपी. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून होजने पाणी मारायचं, पण खालून वर, सावकाश, एकेका जोडावर थांबत. थेट वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडे ओघळतं आणि शिरलं कुठून ते कळत नाही. आमच्याकडे चोर निघाले पुढच्या कपाळावरचे केशरी दिवे. त्यांच्या स्क्रूभोवतीचं सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, वाळून तडकला होता. छतावरच्या १४ इंची व्हेंटची, म्हणजे हवेच्या झरोक्याची, कडही संशयास्पद होती, म्हणून तीही उघडली.

या कामात सिलिकॉन वापरू नये. आमचं बाहेरचं छत ईपीडीएम नावाच्या रबराचं आहे. त्यावर सिलिकॉन टिकत नाही, आणि त्याचा थर राहिला की नंतर दुसरं काही चिकटत नाही. जुनं सीलंट प्लास्टिकच्या खरवडणीने काढलं, दिव्यांच्या आणि व्हेंटच्या खाली ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, घातली, आणि व्हेंटच्या कडेवर आपोआप पसरणारं लॅप सीलंट सोडलं. रबराचं छत पेट्रोल किंवा थिनरने पुसू नये, रबर फुगतं.

मग सुकवणं. हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि लोक नेमका हाच गाळतात. आत हवेतली ओल शोषणारा डीह्युमिडिफायर लावला आणि दोन सुयांचं मॉइश्चर मीटर आणलं. त्याच्या सुया कापडातून मागच्या लाकडात टोचायच्या; विणीत भोकं दिसत नाहीत. साधारण १५ टक्क्यांच्या खाली आकडा असेल तर लाकूड ठीक, २०च्या वर गेला तर ओल अजून आहे. बोटाने दाबल्यावर छत मऊ लागलं तर प्लायवूड कुजलंय असं समजावं. तिथे डाग काढून उपयोग नाही, प्लायच बदलावा लागतो. आमचं घट्ट होतं. काळे ठिपके, म्हणजे बुरशीही नव्हती.

आता डाग. कापडाच्या मागे पातळ फोम असतो आणि फोममागे जेमतेम ३ मिलिमीटरचा प्लाय. तपकिरी रंग मुख्यतः त्या लाकडाचा: शिरलेल्या पाण्याने प्लायवूडचा काढा केला आणि तो कापडात उतरला. सुकताना पाणी कडेकडे सरकतं आणि सोबतचा रंग कडेवर सोडून उडून जातं. म्हणून डाग मधे फिका आणि कडेला गडद. म्हणूनच नुसता डाग ओला करून पुसला की त्याच्या बाहेर नवं कडं उमटतं. ओला करायचा तर शिवणीपासून शिवणीपर्यंत सगळा पट्टा, पण अगदी थोडा. फोम भिजला की त्याचा गोंद सुटतो आणि कापड लोंबायला लागतं. वाफेच्या मशीनला मी याच कारणाने हात लावला नाही. क्लोरीनचं ब्लीचही नाही. त्याने फोम पिवळा पडतो.

मी वापरलं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, औषधांच्या दुकानातल्या तपकिरी बाटलीतलं. काम झाल्यावर त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होतो, कापडात क्षार उरत नाहीत. आधी मऊ ब्रशने व्हॅक्यूम केलं, कपाटाआडच्या कोपऱ्यात रंग उतरत नाही ना ते पाहिलं. मग बारीक फवारा. कड्यांवर जरा जास्त, बाकी पट्ट्यावर हलका. पांढऱ्या कापडाने टिपायचं, घासायचं नाही; घासलं की कापडाची लव उभी राहते आणि ते दुरूनही दिसतं. डोक्यावर हात करून काम असल्याने थेंब तोंडावर येतात, तेव्हा गॉगल हवाच, आणि मानेची तयारीही.

पहिल्या दिवशी काही घडलंय असं वाटलंच नाही. पेरॉक्साइड ओलं असेपर्यंतच हळूहळू काम करतं. पूर्ण सुकल्यावर फरक दिसला, मग पुन्हा फवारा, पुन्हा थांबणं. शेवटी डिस्टिल्ड वॉटरचा हलका हात सगळ्या पट्ट्यावर फिरवला आणि पंखा लावून दिला.

डागांची तपकिरी कडी गेली. दिव्यांच्या अगदी मागे, जिथे पाणी सर्वांत जास्त मुरलं असावं, तिथे तळहाताएवढी पिवळट छटा राहिली आहे. ती मी सोडून दिली. आणखी एकदा ओलं करून फोम सुटण्यापेक्षा ती परवडली. पाऊस सुरू झाल्यावर त्याच जागी मीटर लावून पाहिलं, आकडा १२ होता.

नवऱ्याला आता छतावर सोलर पॅनल बसवायचंय. म्हणजे पुन्हा रबरात स्क्रूची भोकं. त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.